बैठं काम

पौष निम्मा सरला तरी थंडी हटायला तयार नव्हती. सकाळी सातला वना ड्रायव्हरची पिकअप पारापाशी येऊन हॉर्न द्यायची तेव्हा बायांच्या तोंडातून वाफा निघत असायच्या, आणि डोक्याला फडकी गुंडाळून, डबे काखेत मारून त्या एकमेकींना ढकलत मागच्या हौद्यात चढायच्या. टोळी नऊ बायांची होती आणि ती सुनंदाबाईची होती. गावात तिला लहानथोर अक्का म्हणत. पन्नाशीला टेकलेली, काळीसावळी, हाडापेराने मजबूत बाई. कांद्याच्या लागणीत तिच्या हाताला हात लावणारी पांझरेच्या काठच्या चार-पाच गावांत कोणी नव्हती. पात धरली की ती पुढे आणि बाकीच्या मागे, हे ठरलेलंच. एकर अंगावर, म्हणजे उक्तं, घ्यायचं, मालकाशी बोलायचं, कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, सगळं तीच बघायची.

बागायतदार म्हणायचे, बैठं काम आहे, त्याला काय जोर लागतो! आणि ते खरंच बैठं काम होतं. घोटाभर गार पाण्यात टाचांवर बसायचं, डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या अंगठ्याने एकेक काडी चिखलात दाबायची आणि बसल्या बसल्याच मागे सरकायचं. सकाळी आठपासून ऊन कलेपर्यंत. सुनंदाबाईने असं बसून तीस हिवाळे काढले होते.

त्या दिवशी मात्र ती पिकअपमध्ये बसली नाही. केबिनच्या मागच्या दांडीला धरून उभी राहिली.

"अक्का, बशी जा ना," नसीम म्हणाली. नसीम तिच्या शेजारच्या गल्लीतली, बारा वर्षं टोळीत. घरात हिंदी आणि शेतात अहिराणी बोलायची.

"पाय आखडी जायेल शेत. उभीच बरी."

पाय आखडले नव्हते. दोन दिवसांपूर्वी आंघोळ करताना, बसायच्या जागेच्या अगदी कडेला, डाव्या अंगाला, हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली होती. काल ती सुपारीएवढी झाली. रात्रभर कूस बदलून बदलून अंथरुणाचा गोळा झाला होता, आणि आज पिकअप खड्ड्यातून गेली की तिथे आतून कोणी दाभण टोचावा तसं व्हायचं. दांडी तिने इतकी घट्ट धरली होती की उतरताना बोटं उलगडायला वेळ लागला.

अमृत नानांचं शेत आठ एकराचं. वाफे भरून ठेवलेले, रोप उपटून जुड्या बांधलेल्या. लागण आठवड्यात उरकायची असं सुनंदाबाईनेच तोंड भरून सांगितलेलं. तिने लुगड्याचा काचा मारला, पात धरली आणि खाली बसली. बसल्याबरोबर डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तिने उजव्या टाचेवर सगळं वजन टाकलं, डावा गुडघा चिखलात टेकवला आणि तशीच तिरकी सरकत राहिली. दुपारपर्यंत उजवी मांडी थरथरायला लागली. मान वर केली तर सारिका दोन हात पुढे होती.

सारिका तिशीतली. तीन वर्षांपूर्वी टोळीत आली तेव्हा तिला जुडी धरता येत नव्हती, सुनंदाबाईनेच शिकवलं. आता तिचा अंगठा मशीनसारखा चालायचा. तिने वळून एकदा पाहिलं, काही बोलली नाही, आणि पुन्हा खाली मान घातली. ते न बोलणंच सुनंदाबाईला लागलं.

संध्याकाळी भाकरी झाल्याचं पाहून प्रेमराजने तिला जेवायला हाक मारली तर ती चुलीपाशी उभी राहून ताटली हातात घेऊन खात होती. प्रेमराज तिचा नवरा. कमी बोलणारा माणूस. बैलजोडी होती तोवर गावातल्या सगळ्यांच्या बैलांची दुखणी-खुपणी तोच बघायचा. आता एक म्हैस आणि चार शेळ्या. मुलगी नंदुरबारकडे दिलेली, त्यामुळे घरात दोघंच.

"उभी काय खास?" त्याने विचारलं.

"बशी-बशी कंटाळा ऊना. दिवसभर बसेलच व्हतू ना."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती पाठ फिरवून म्हशीला पेंड ठेवायला गेली, परत आली, भांडी घासली, अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. एका जागी थांबलं की ठणका वाढायचा, चालत राहिलं की जरा विसर पडायचा. तिने हळद गरम करून लावली. दुसऱ्या दिवशी कांदा भाजून बांधला. न्हाणीत एकटी असताना, दाराला कडी लावून, हातात आरसा धरून बघायचाही प्रयत्न केला, आणि स्वतःचीच लाज वाटून आरसा फळीवर पालथा टाकला.

तिसऱ्या दिवशी ती फाट्यावरच्या डॉक्टरकडे गेली. त्याच्या दाराला मूळव्याध बिना ऑपरेशन बरी करण्याची पाटी होती. खरा डॉक्टर होता की नव्हता हे कोणी विचारलं नव्हतं. बाकावर चार माणसं बसलेली. त्यातला एक गावातलाच.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरने टेबलामागूनच विचारलं.

ती पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "बसाले तरास व्हस."

"मूळव्याध आहे. तिखट बंद करा."

त्याने काही पाहिलं नाही. तिनेही दाखवलं नाही. दाखवावं लागलं नाही म्हणून तिला सुटल्यासारखंच वाटलं. दंडावर सुई आणि कागदात बांधून गोळ्या. त्या दिवशी दुपारपर्यंत ठणका निम्म्यावर आला. तिला वाटलं, सुटले. संध्याकाळी दुप्पट होऊन परत आला.

पाचव्या दिवशी अंगात कणकण होती. वाफ्यातलं पाणी पायाला लागलं तसे दात वाजायला लागले. गाठ आता लिंबाएवढी झाली होती, आणि नुसतं लुगडं घासलं तरी जीव कळवळायचा. चालतानासुद्धा पाय फाकवून टाकावा लागत होता आणि बाया ते बघत होत्या हे तिला कळत होतं. कोणी विचारलं तर ती खेकसायची. नसीमने पाणी पुढे केलं तर म्हणाली, "माले काही व्हयेल नही. तुन्ही पात देख." तहान मात्र भयंकर लागत होती. तशी ती वर्षभरच लागत होती, आणि मागच्या पावसाळ्यात पायाला लागलेला काटा दोन महिने चिघळला होता, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं तिला कशाला वाटेल?

अकराच्या सुमाराला अमृत नाना बांधावर येऊन उभे राहिले. तेवढ्यात ती मागे सरकायला गेली, उजव्या पायाने दगा दिला आणि ती पूर्ण बुडावर बसली. तोंडातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. दोन्ही हात चिखलात रोवून ती गुडघ्यांवर तशीच राहिली, जनावरासारखी. हातातली जुडी पाण्यावर तरंगत गेली.

बाया थांबल्या. नाना बांधावरूनच म्हणाले, "अक्का, आते वय व्हयनं तुनं. तू रोप वाट. पात सारिकाले धरू दे."

वाईट हेतूने म्हणाले नव्हते. पण सगळ्या टोळीसमोर म्हणाले. सारिका उठली, सुनंदाबाईच्या जागेवर येऊन बसली आणि अंगठा चालवायला लागली.

सुनंदाबाई उठली. पाटाच्या पाण्यात हात धुतले, डबा तिथेच सोडला आणि चालायला लागली. वना म्हणाला, "अक्का, थांब, सोडी देस." तिने मागे पाहिलं नाही. घर चार किलोमीटर. कडेला हरभऱ्याची शेतं, वर पांढरं पडलेलं ऊन, आणि त्या उन्हातही ती कुडकुडत होती. वाटेत कोणी मोटारसायकलवाला थांबला की हाताने पुढे जा म्हणायची. बसायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा.

गोठ्यापाशी आली आणि खुंटाला धरून उभी राहिली. पुढचं दहा पावलांवरचं दार तिला लांब वाटलं.

प्रेमराज शेळ्यांना पाला टाकत होता. तो जवळ आला, कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काय व्हयनं?"

"काही नही. थंडी वाजस."

"पाच दिवसफाईन तू बसेल नहीस. मी आंधया शे का? दखाड माले."

"काय दखाडू?" ती रडकुंडीला आली. "जागा तशी शे का दखाडाले!"

"अवं, तीस वरीस व्हयनात आपले. दखाड."

घरात नेऊन त्याने दार लोटलं. तिने भिंतीकडे तोंड केलं, कपाळ भिंतीला टेकवलं आणि डोळे गच्च मिटले. लग्नानंतर इतक्या वर्षांत उजेडात तिने त्याला असं अंग दाखवलं नव्हतं. तो खाली वाकला. मग बोटाच्या पाठीने, अगदी हलकेच, कडेच्या कातडीला स्पर्श केला. ती किंचाळली.

"फोड शे," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मूळव्याध नही नि काही नही. पिकेल शे. लाल चट्टा मांडीपावत उतरी ऊना." तो उठला आणि कोनाड्यातला शर्ट अंगात घालायला लागला. "बैलना खांदाले व्हस तसंच शे हाई. पू मझार र्‍हायना म्हणजे तो वाट काढस. मझारच्या मझार, आतल्या आत. चाल, धुयाना मोठा दवाखानामा जाऊत."

"लागण व्हवू द्या. तीन दिवस र्‍हायनात."

"लागण गयी चुलीमा!" प्रेमराज ओरडला. तो कधी ओरडत नसे. दारातल्या शेळ्यासुद्धा दचकल्या.

त्याने वनाला फोन लावला. वना शेतातून पिकअप घेऊन आला. पुढे बसणं शक्य नव्हतं, म्हणून हौद्यात रिकामी पोती टाकली, वर गोधडी, आणि तिला उजव्या कुशीवर निजवलं. प्रेमराज तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. भर दुपारी, गावातून, उघड्या गाडीत. पारावरची माणसं उठून बघायला लागली. "काय व्हयनं हो अक्काले?" कोणी विचारलं. तिने प्रेमराजचा हात दाबला. तो म्हणाला, "पोटमा दुखस." धुळ्यातलं देवपूर आलं, पुलावरून पांझरेचा वास आला, मग बाजाराचा गोंगाट, आणि ती वर आभाळाकडे बघत, प्रत्येक गतिरोधकाला ओठ चावत, दवाखान्यात पोचली.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढणाऱ्याने मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"पोटात दुखतं," ती म्हणाली.

मागे रांग होती. प्रेमराजने तिला बाजूला केलं, खिडकीत तोंड घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "संडासच्या जागेजवळ फोड आहे. पू झालाय. ताप आहे." रांगेतली दोन माणसं दुसरीकडे बघायला लागली. सुनंदाबाईला वाटलं, फरशी फाटावी. पण खिडकीतल्या माणसाने लगेच वर पाहिलं, कागदावर काही खरडलं आणि म्हणाला, "सर्जरी. सात नंबर. रांगेत थांबू नका, सरळ जा."

सात नंबरच्या खोलीत शिकाऊ डॉक्टर पोरं आठ-दहा उभी होती. तिला टेबलावर कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, आणि लुगडं वर झालं तेव्हा सगळी पुढे सरकली. तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला.

"मुलांनो, बाहेर," मागून आवाज आला. "तू थांब फक्त." शिकाऊंतली एक मुलगी थांबली, बाकी गेले, पडदा ओढला गेला. डॉक्टर बाई चाळिशीच्या आत-बाहेर होत्या. गळ्यातल्या पट्टीवर डॉ. चेलना एवढंच सुनंदाबाईला वाचता आलं. त्यांनी हात लावण्याआधी सांगितलं, "मावशी, आता हात लावते. दुखेल. ओरडायचं असेल तर ओरडा, दाबून धरू नका."

ती ओरडली. बाईंनी फारसं चाचपलं नाही. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. आकडा पाहून त्यांनी शिकाऊ मुलीकडे पाहिलं.

"साखर कधी तपासली होती?"

"मला साखर नाही."

"आहे मावशी. चारशेच्या वर आहे. बरीच वर्षं असणार." त्या स्टूल ओढून तिच्या तोंडासमोर बसल्या. "ऐका. या जागेच्या आतल्या अंगाला बारीक बारीक ग्रंथी असतात. सगळ्यांना असतात, मलाही आहेत. त्यातली एखादी तुंबली की तिच्यात पू होतो आणि बाहेर कातडीखाली येऊन साठतो. तुम्ही काही खाल्लं म्हणून नाही, काही पाप केलं म्हणून नाही. ज्याची साखर वाढलेली त्याला तो जास्त होतो आणि लवकर पसरतो."

"गोळ्या द्या ना बाई. सुई द्या. कापू नका."

"गोळी रक्तातून जाते. पुवाच्या पिशवीत रक्त जात नाही, मग गोळी पोचणार कशी? तो काढावाच लागतो. आणि आजच. लाली मांडीवर उतरलीय. उद्या आला असतात तर कदाचित मी तुमच्याशी असं बसून बोलले नसते."

प्रेमराज पडद्याबाहेर उभा होता. तिथूनच म्हणाला, "कापा बाई. मी बैलांचे कापेल शेत. माले माहीत शे."

डॉक्टर बाई हसल्या. "मग तुमचं काम उद्यापासून. आजचं माझं."

संध्याकाळ व्हायच्या आत ते झालं. पाठीत सुई दिली, कमरेखालचं अंग दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं झालं. तिला दुखलं नाही, पण वास आला. सडक्या कांद्याच्या ढिगासारखा, त्याहून वाईट. तिला वाटलं, हे माझ्या अंगात होतं? हे घेऊन मी त्या बायांमध्ये बसत होते? कोणीतरी म्हणालं, "वाटीभर निघालं की." जखम शिवली नाही. शिवली तर पुन्हा आत साठेल, ती खालून भरत वर आली पाहिजे, असं शिकाऊ मुलीने तिला समजावलं.

पाचव्या दिवशी, साखर जरा आटोक्यात आल्यावर, तिला घरी सोडलं. जाताना डॉक्टर बाईंनी दोघांना समोर उभं करून सांगितलं. दिवसातून तीन वेळा, आणि संडासला गेल्यावर दर वेळी, कोमट पाण्याच्या टबात बसायचं. रोज पट्टी बदलायची. पाणी भरपूर, ईसबगोल, साखरेच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. "आणि एक सांगते. तिघांमधल्या एखाद्याला इथे बारीक भोक राहून जातं, त्यातून थोडं थोडं वाहत राहतं. त्याला भगंदर म्हणतात. तसं झालं तर घाबरायचं नाही, त्यालाही उपाय आहे. पण लपवायचं नाही. लपवून तुम्ही पाच दिवसांत काय करून घेतलंत ते बघा."

गावात मात्र प्रेमराजने सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलं. तिनेच सांगायला लावलं.

त्याने धुळ्याहून प्लास्टिकचा निळा टब आणला. आंघोळीच्या बंबात पाणी तापवायचं, कोपर बुडवून पाहायचं, टब न्हाणीत ठेवायचा, तिला दंडाला धरून बसवायचं. पंधरा मिनिटं. मग खाटेवर कुशीवर घ्यायचं, हात साबणाने धुवायचे, जुनी पट्टी काढायची. पहिले तीन-चार दिवस ती दर वेळी रडायची, दुखण्यापेक्षा लाजेने. प्रेमराज पट्टी बदलताना तिच्याशी बोलायचा नाही. म्हशीशी बोलायचा. खिडकीतून गोठा दिसायचा, तिकडे तोंड करून म्हणायचा, "अय, हलू नको. थोडंसंच शे. व्हयनं, व्हयनं." आणि सुनंदाबाई हलायची नाही. एकदा तिला त्यात हसू आलं, आणि हसल्यावर जखमेत कळ आली, आणि दोन्ही एकदमच आलं.

पण घरात बसून राहणं हे तिच्याने होईना. खाटेवर पडली की छपराची पन्हळं मोजायची. दारात उभी राहिली की सातची पिकअप दिसायची. आता तिच्या जागी केबिनमागून सारिका वनाला रस्ता सांगायची. नसीम संध्याकाळी येऊन खबर द्यायची: नानांची लागण सारिकाने दोन दिवस उशिरा का होईना पुरी केली, आता पलीकडच्या पाटलांची अंगावर घेतली. "तुम्हारी याद करते सब," असं म्हणायची. सुनंदाबाई विचारायची, "सारिका काय म्हणस?" नसीम पदराशी चाळा करायची.

पस्तिसाव्या दिवशी जखम बोटाच्या पेराएवढी राहिली. बाईंनी तपासून सांगितलं, उभ्याने हलकं काम करा, टाचांवर बसायचं अजून महिनाभर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पारावर जाऊन उभी राहिली. प्रेमराज नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही.

पाटलांच्या शेतात ती रोप वाटायला लागली. डोक्यावर टोपली, वाफ्यांच्या वरंब्यावरून जा-ये, ज्या बाईची जुडी संपली तिच्या हातात दुसरी. तीस वर्षं पोरीबाळींना दिलेलं काम आता तिच्या वाट्याला. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी भाकरीला बांधावर बसल्या, ती उभी होती, तेव्हा सारिका बोलली. समोर न बघता, भाकरीचा तुकडा मोडत.

"मन्हा भाऊनं अपेंडिक्स काढं. पंधरा दिवसमा पोती उचलाले लागना. आम्हीन पाण्यामा बसूत आनि कोणी वरंबावर फिरी, आनि एकरना पैसा सारखा वाटाई, हाई बरं नही."

दोघी-तिघींनी माना डोलवल्या, अगदी थोड्या. सुनंदाबाईच्या कानशिलात रक्त उसळलं. तिला सारिकाच्या अंगावर टोपली फेकावीशी वाटली. जुडी कशी धरायची ते तुला मी शिकवलं, म्हणावंसं वाटलं. ते तोंडापर्यंत आलंही. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"अपेंडिक्स नव्हतं," ती म्हणाली. "बसाना जागाले फोड व्हयेल व्हता. गांडजवळ. लिंबूएवढा. वाटीभर पू निंघना."

भाकरी हातातच राहिल्या.

"पाच दिवस मी तोच लिसन तुमना संगे बसेल व्हतू. नानाना शेतमा पडनू ना, त्याच्यावर पडनू. आते रोज मन्हा नवरा पट्टी बदलस. टबमा बसाडस माले, पोऱ्यानंगत. भोक भरेल नही अजून, म्हणीसन मी बसत नही. आनि रगतमा साखर शे माले. व्हयनं? आते हसा."

हसली ती पहिली नसीमच. पण तशी नाही. तोंडावर हात घेऊन, डोळ्यांत पाणी येऊन. "अक्का, मुझे तो चार साल से रक्त जाता," ती घरच्या हिंदीतच म्हणाली. "मिरची तोडते तब से. किसको बोलूं?"

मग कोणीतरी म्हणाली, तिला लघवीची आग होते, शेतात आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. दुसरीने सांगितलं, पांढरं जातं, कंबर धरते. एक म्हातारी, जी कधी बोलायची नाही, ती म्हणाली, खोकला आला की लुगडं ओलं होतं, म्हणून ती टोळीत कडेला बसते. एकीचं संपलं की दुसरीचं. मधेच कोणी घाण काही बोलली आणि सगळ्या पोट धरून हसायला लागल्या, इतक्या मोठ्याने की पाटलांचा गडी पाण्याच्या मोटारीपासून पळत आला.

"काय व्हयनं, काय व्हयनं?"

"तुन्हा कामनं नही, जाय!" सुनंदाबाई म्हणाली, आणि तो चपापून परत गेला.

सारिका हसली नव्हती. तिने डबा झाकला, उठली आणि एकटीच पातीवर जाऊन बसली. दुपारभर तिचा अंगठा थांबला नाही. सुनंदाबाई जुडी द्यायला गेली की ती हात पुढे करायची, वर बघायची नाही. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र जुडी घेतली आणि धरूनच ठेवली.

"अक्का." आवाज इतका खाली की वाकावं लागलं. "धाकला पोऱ्या व्हयना तवयफाईन मन्हं आंग बाहेर येस. पिशवी. बसनं की येस. हात लाईसन मझार लोटस मी. म्हणीसन मी इतली घाई करस. लवकर उठाले भेटो म्हणीसन."

सारिकाचा अंगठा मशीनसारखा चालायचा, तो या घाईने. सुनंदाबाई वरंब्यावर उभी राहिली. टोपलीतली रोपं तिने उगाच एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली.

"घरमा माहीत शे का?"

सारिकाने मान हलवली. नाही.

बुधवारी वनाची पिकअप शेताकडे वळली नाही. पाटलांचा फोन दोनदा आला, वनाने उचलला नाही, तिसऱ्यांदा सुनंदाबाईने मागून हात घालून त्याच्याकडून घेतला आणि म्हणाली, "टोळी उद्या येईल. आज टोळीला काम आहे," आणि बंद केला. पाचजणी होत्या हौद्यात. बाकीच्या आल्या नाहीत. कोणाचा नवरा नको म्हणाला, कोणाची हिंमत झाली नाही. नसीम रस्ताभर बडबडत होती. सारिका पदराची कड चावत होती.

सरकारी दवाखान्यात बायकांच्या खोलीसमोर दीड तास गेला. सारिका तीनदा उठली, तीनदा सुनंदाबाईने तिला धरून आणलं. घरचा पंप सुरूच राहिला असेल, सारिका म्हणाली. पोऱ्या शाळेतून येईल, म्हणाली. नाव पुकारलं तेव्हा ती भिंतीला चिकटली.

"चाल. मी शे."

आतली नर्स घाईत होती. सारिकाला टेबलावर घेतलं, पडदा ओढला. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते, चिखलाने भेगाळलेले, एकमेकांवर घट्ट दाबलेले. सुनंदाबाई पडद्याबाहेर उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

"अक्का, जाऊ नको," आतून आवाज आला.

"जात नही."

"शे का?"

"शे ना, अवं."

"मावशी, बसा तिथे, मधे उभ्या राहू नका," नर्सने लोखंडी स्टूल पायाने सरकवलं.

सुनंदाबाईने स्टूलकडे पाहिलं. उभी राहिली तर सारिकाला पडद्यातून सावली हललेली दिसेल आणि अक्का निघाली असं वाटेल. तिने पडद्याची कड हाताने धरली, श्वास रोखला, आणि हळूहळू, उजव्या कुल्ल्यावर, मग जरासं डावीकडे, टब सोडला तर महिन्याभरात पहिल्यांदा बसली. कळ आली. मानेपर्यंत चढली आणि उतरली.

"बसेल शे मी," ती पडद्याला म्हणाली. "आरामशीर."